डोंगरवाटेवरचा मोबाइल : संच कोणता, योजना कोणती?

मोबाइल घेण्यासाठी दुकानात गेलेल्या ग्राहकासमोर विक्रेता आधी कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मांडतो, मग मेमरी आणि शेवटी हप्त्यांची सोय. संच नेमका कुठे वापरला जाणार आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शहरातल्या शहरात वावरणाऱ्याचे त्यामुळे फारसे बिघडत नाही. घरी वाय-फाय, रस्त्यावर चार पावलांवर टॉवर आणि कार्यालयात चार्जर असतोच. मात्र हाच ग्राहक शनिवारी पहाटे पाठीला सॅक लावून सह्याद्रीत जाणारा असेल, तर हिशेब बदलतो. हरिश्चंद्रगडावर दुपारी धुके उतरले, वाट हरवली आणि सोबत्याचा पाय मुरगळला, की त्या संचाकडून तीनच गोष्टी हव्या असतात : आपण कुठे आहोत हे कळणे, ते कोणाला तरी कळवता येणे आणि अंधार पडेपर्यंत संच सुरू राहणे. पहिल्या गोष्टीचे उत्तर उपग्रहाकडे असते, दुसऱ्याचे मोबाइल कंपनीच्या टॉवरकडे आणि तिसऱ्याचे बॅटरीकडे. खरेदीच्या वेळी या तिघांची गल्लत होते आणि पैसे भलत्याच ठिकाणी खर्च होतात.

भारतात मोबाइलवरील पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. त्या काळी मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि २००३ पर्यंत आलेला कॉल उचलण्याचेही पैसे पडत. हातातला हा संच वाट दाखवू शकतो, ही कल्पना सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली ती २००७ मध्ये बाजारात आलेल्या नोकिया एन-९५ सारख्या संचांमुळे. आज दहा हजार रुपयांच्या संचातही जीपीएस असते. आहे की नाही, हा प्रश्न उरलेला नाही. कसे आहे, हा आहे.

रेंज नाही म्हणजे जीपीएस नाही?

‘तिथे रेंज नसते, मग जीपीएस कसे चालणार?’ हा गैरसमज अजूनही घट्ट आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संकेत पाठवतात आणि संच ते केवळ ऐकतो. त्यासाठी सिमकार्ड लागत नाही, इंटरनेट लागत नाही आणि कोणत्याही कंपनीला एक पैसाही द्यावा लागत नाही. लागते ते मोकळे आकाश.

मग रेंज गेल्यावर नकाशा कोरा का पडतो? तो कोरा पडतो कारण नकाशाचे चित्र इंटरनेटवरून येत असते. निळा ठिपका आपल्या जागी असतो, त्याच्याखालचा कागद तेवढा नाहीसा होतो. नकाशा घरूनच उतरवून नेला, तर ही अडचण राहत नाही.

दुसरी बाब थोडी सूक्ष्म आहे. संचाच्या माहितीपत्रकात ‘ए-जीपीएस’ असा उल्लेख असतो. यातील ‘ए’ म्हणजे साहाय्य. कोणता उपग्रह आकाशात कुठे आहे, ही माहिती संच इंटरनेटवरून झटपट मिळवतो आणि काही सेकंदांत ठिकाण सांगतो. इंटरनेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाच्या मंद संकेतातून वाचावी लागते. एकेका उपग्रहाच्या कक्षेची नेमकी माहिती येण्यास सुमारे अर्धा मिनिट लागते आणि सर्व उपग्रहांची संपूर्ण पंचांगवजा यादी मिळण्यास साडेबारा मिनिटे. म्हणूनच बंद करून ठेवलेला संच रेंज नसलेल्या ठिकाणी सुरू केला, की तो बराच वेळ चाचपडतो आणि वापरणाऱ्याला वाटते, जीपीएस बिघडले. पायथ्याच्या गावात रेंज असतानाच ठिकाण एकदा दिसू द्यावे आणि मग चढाई सुरू करावी. वर अडलेच, तर उघड्यावर संच स्थिर धरून पाच-दहा मिनिटे थांबण्याची तयारी हवी.

मोकळ्या आकाशाखाली साधारण संच सुमारे पाच मीटरपर्यंत अचूक ठिकाण दाखवतो. सांदण दरीसारख्या ठिकाणी, जिथे दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती आणि वर आकाशाची केवळ पट्टी दिसते, तिथे संकेत कड्यांवर आपटून वळसा घेत येतात आणि ठिपका भिंतीच्या पलीकडे उडी मारतो. यावरचा उतारा म्हणजे दोन वारंवारितांवर संकेत घेणारा संच. नेहमीच्या एल-१ सोबत एल-५ हीही वारंवारिता घेणारा पहिला मोबाइल संच, शाओमीचा मी-८, २०१८ मध्ये आला. त्यानंतर मध्यम किमतीच्या अनेक संचांत ही सोय आली आहे. डोंगरात जाणाऱ्याने कॅमेऱ्याचे आणखी पन्नास मेगापिक्सेल घेण्याऐवजी एल-५ असलेला संच घेतला, तर ते पैसे कामी येतील. अर्थात खोल घळीत एल-५ देखील चमत्कार करत नाही.

जीपीएसखेरीज रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायडू या यंत्रणांचे संकेतही आजचे बहुतेक संच घेतात. जितके उपग्रह अधिक, तितके उत्तम. भारताच्या नाविक यंत्रणेचा उल्लेख हल्ली खोक्यावर ठळकपणे छापलेला असतो. अभिमान रास्त असला तरी त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही. नाविकच्या काही उपग्रहांवरील अणुघड्याळे बंद पडली आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ हा उपग्रह नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही.

कंपनी आधी, योजना नंतर

दिवसाला किती जीबी डेटा मिळतो, यावरून कंपनी निवडण्याचा प्रघात आहे. डोंगरात या आकड्याला अर्थ नाही. ज्या वाटेवर जायचे, त्या वाटेवर कोणाचा टॉवर दिसतो, एवढेच महत्त्वाचे. ‘दिसतो’ हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कड्याच्या धारेवर दूरचे टॉवर थेट नजरेच्या टप्प्यात येतात. कोकणकड्यासारख्या ठिकाणी पश्चिमेकडे खाली कोकण मोकळे पसरलेले असते, त्यामुळे तिथे खालच्या टॉवरचा संकेत मिळण्याची शक्यता असते. तोच संच दोनशे पावले मागे ओढ्यात उतरला की गप्प होतो. सबब रेंज शोधायची असेल तर घळीत बसून राहू नये. सुरक्षित वाट असेल तर सोंडेवर किंवा धारेवर यावे.

कमी वारंवारितेचे संकेत दूरवर आणि अडथळ्यांच्या पलीकडे अधिक चांगले पोहोचतात. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झ हे पट्टे ग्रामीण भागात म्हणूनच मोलाचे. फाइव्हजीचा वेगवान ३,३०० मेगाहर्ट्झच्या पुढचा पट्टा शहरांसाठी ठीक. डोंगराच्या आडोशाला त्याचा उपयोग अल्प. भारतात १ ऑक्टोबर २०२२ पासून फाइव्हजी सुरू झाले, तरी ट्रेकिंगसाठी संच घेताना ‘फाइव्हजी आहे का’ यापेक्षा ‘फोरजीचे कोणते पट्टे आहेत’ हे विचारणे शहाणपणाचे.

याचे एक ठळक उदाहरण बीएसएनएलचे. दूरसंचार सेवा न पोहोचलेल्या २४,६८० गावांत फोरजी नेण्याच्या २६,३१६ कोटी रुपयांच्या प्रकल्पास केंद्राने जुलै २०२२ मध्ये मंजुरी दिली आणि २७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलच्या स्वदेशी फोरजी जाळ्याचे औपचारिक उद्घाटन झाले. दुर्गम गावांत या कंपनीचे कार्ड जवळ असणे त्यामुळे उपयोगाचे ठरू शकते. परंतु बीएसएनएलचे फोरजी मुख्यतः ७०० आणि २,१०० मेगाहर्ट्झवर चालते. यातील ७०० चा पट्टा, ज्याला ‘बँड २८’ म्हणतात, सर्वच जुन्या संचांत नसतो. असा संच घेऊन गेल्यास टॉवर समोर उभा असूनही फोरजी मिळणार नाही. संचाच्या माहितीत बँड २८ आहे का आणि बीएसएनएलवर व्होल्टीद्वारे कॉल होतो का, हे आधी तपासलेले बरे.

जानेवारी २०२५ पासून शासकीय निधीतून उभारलेल्या काही टॉवरवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीची सेवा मिळण्याची सोय झाली आहे. ती सर्व टॉवरना लागू नाही. तिच्या भरवशावर डोंगर चढू नये.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या सूचनेनुसार कंपन्यांनी आपापल्या सेवाक्षेत्राचे नकाशे २०२५ मध्ये संकेतस्थळांवर ठेवले आहेत. गाव-तालुक्यापुरते ते कामाचे आहेत. डोंगराच्या घड्या आणि घळी त्यात नीट उतरत नाहीत. पायथ्याच्या गावातील वाटाड्याला ‘वर कोणते कार्ड चालते’ हे विचारणे अधिक भरवशाचे. पाचनईकडून चढणाऱ्याला मिळणारे उत्तर आणि खिरेश्वरकडून तोलार खिंडीने येणाऱ्याला मिळणारे उत्तर एकाच गडासाठी वेगळे असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

एक कोडे अनेकांना पडते. पडद्यावर दोन काड्या दिसतात, पण कॉल लागत नाही. टॉवर काही दहा वॉट शक्तीने बोलतो, त्यामुळे त्याचा आवाज संचाला ऐकू येतो. फोरजी संच मात्र उत्तर देतो ते कमाल सुमारे ०.२ वॉटने. ते टॉवरपर्यंत पोहोचतच नाही. जुन्या टूजी पद्धतीत ९०० मेगाहर्ट्झवर संचाला २ वॉटपर्यंत मुभा होती. साधा बटणांचा फोन डोंगरात चांगला चालतो, असे जुनेजाणते गिर्यारोहक म्हणतात त्यामागे हे कारण आहे. गटात एकाकडे असा फोन असणे आजही वावगे नाही. मात्र त्यात टूजी चालू असलेल्या कंपनीचे कार्ड हवे. जिओचे टूजी जाळे नाही. तिचे कार्ड फोरजी नसलेल्या संचात निरुपयोगी ठरते.

कॉल लागत नसेल तेव्हा एसएमएस करून पाहावा. त्याला काही क्षणांचीच जोडणी पुरते.

रिचार्जचा हिशेब

दोन सिमकार्डांची सोय आता जवळपास सर्वच संचांत असते. पण दोन्ही कार्डे एकाच कंपनीची असतील, तर डोंगरात त्यांचा उपयोग एकाच कार्डाइतका. मुख्य क्रमांक ज्या कंपनीचा, तिच्याहून वेगळ्या कंपनीचे दुसरे कार्ड असावे आणि त्यावर किमान खर्च व्हावा, हे धोरण ठेवावे. पूर्वी त्यासाठीही नको असलेला डेटा विकत घ्यावा लागे. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून केवळ कॉल आणि एसएमएसचे पॅक उपलब्ध करून देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि विशेष पॅकची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. जुलै २०२४ मधील दरवाढीनंतर हा दिलासा मोठाच होता. दुकानदार किंवा कंपनीचे अॅप हे पॅक पुढे करत नाही. मागून घ्यावे लागतात.

२८ दिवसांच्या पॅकचे गणितही पाहण्यासारखे आहे. महिन्याचे म्हणून घेतलेले हे रिचार्ज वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा करावे लागते. ट्रायच्या २०२२ च्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीने किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा पॅक ठेवणे आवश्यक आहे. तुलना करताना पॅकच्या किमतीला दिवसांनी भागून रोजचा खर्च काढावा, जाहिरातीतील जीबीने नव्हे.

दुसरे कार्ड सॅकमध्ये टाकून विसरून जाणे महागात पडते. ९० दिवस काहीच वापर नसेल तर प्रीपेड क्रमांक बंद होऊ शकतो. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असल्यास मुदत ३० दिवसांनी वाढवता येते. ट्रेकला निघण्याच्या आदल्या रात्री पॅकची मुदत पाहण्याची सवय असावी. ऐन वेळी वर गेल्यावर रिचार्ज करायलाही रेंजच लागते.

मुख्य कंपनीच बदलायची तर क्रमांक तोच ठेवण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. १९०० या क्रमांकावर ‘पोर्ट’ हा शब्द आणि आपला मोबाइल क्रमांक इंग्रजीत पाठवल्यास सांकेतिक क्रमांक मिळतो. एकाच परिमंडळात हे काम साधारण तीन कामकाजी दिवसांत होते. मोहिमेच्या आठवड्यात मात्र हा उद्योग करू नये.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड कार्ड चालत नाही, पोस्टपेड चालते. महाराष्ट्रातून दरवर्षी मोठ्या संख्येने लोक तिकडे जातात आणि श्रीनगर किंवा लेहच्या विमानतळावर उतरल्यावर त्यांना हे कळते. गटातील निदान दोघांकडे, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचे, पोस्टपेड कार्ड असावे.

संच हातात घेऊन

माहितीपत्रकात दोन शब्द शोधावेत : मॅग्नेटोमीटर आणि बॅरोमीटर. पहिला म्हणजे होकायंत्र. खर्च वाचवण्यासाठी काही स्वस्त संचांतून तो वगळलेला असतो. तो नसेल, तर उभ्या माणसाला आपले तोंड कोणत्या दिशेला आहे हे संच सांगू शकत नाही. चालू लागल्यावरच बाण फिरतो. धुक्यात चुकीच्या दिशेने चार पावले टाकून दिशा शोधणे कड्याजवळ परवडणारे नाही. लोहचुंबकाची चाप असलेले पाकीटवजा कव्हर हे होकायंत्र सहज बिघडवते, तेव्हा असे कव्हर घरीच ठेवावे. बॅरोमीटर हवेच्या दाबावरून उंची सांगतो. उपग्रहावरून काढलेल्या उंचीत चूक अधिक असते, म्हणून तो असल्यास उत्तम. नसल्यास अडत नाही.

शक्य असल्यास संच दुकानाबाहेर उघड्यावर नेऊन पाहावा. जीपीएसटेस्टसारखे मोफत अॅप कोणते उपग्रह दिसतात आणि एल-५ मिळते की नाही हे दाखवते. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा हा पडदा खरा.

पावसाळी ट्रेकसाठी आयपी-६७ किंवा आयपी-६८ हे मानांकन पाहिले जाते. आयपी-६७ चा अर्थ धुळीपासून संरक्षण आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी, तीही गोड्या, स्थिर पाण्यात. पाणी शिरून झालेली हानी बहुधा वॉरंटीत बसत नाही. शिवाय मानांकन असले तरी ओल्या पडद्यावर बोट नीट चालत नाही, ही खरी अडचण उरतेच. साधी पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी आणि गळ्यातील दोरी यांना मानांकन नाही. काम मात्र त्या चोख करतात.

जुना संच घेणाऱ्याने *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक पाहावा आणि संचार साथी या शासकीय संकेतस्थळावर तो चोरीचा किंवा बंद केलेला नाही ना, याची खात्री करावी.

बॅटरी आणि नकाशे

ट्रेकमध्ये बॅटरी खाते ते जीपीएस, असा समज आहे. खरी खादाड असते ती हरवलेली रेंज. टॉवर सापडत नसला की संच पुन्हा पुन्हा शोध घेतो आणि पूर्ण शक्तीने हाका मारत राहतो. त्यावर उपाय म्हणजे विमान मोड. आजच्या संचांत विमान मोडमध्येही जीपीएस सुरू राहते. आपल्या संचात राहते का, हे घरच्या गच्चीवर तपासून घ्यावे. ठरावीक वेळी, विश्रांतीच्या जागी, विमान मोड काढून संदेश पाहिले की पुरे. गटातील एक संच तर पूर्ण चार्ज करून बंदच ठेवावा. पॉवर बँकेवरील १०,००० एमएएच हा आकडा आतल्या घटांचा असतो. व्होल्टेज बदलताना घट होऊन ५ व्होल्टला हाती येते ते सुमारे ६,०००. हा खरा आकडाही बहुधा खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेला असतो.

नकाशांच्या बाबतीत गूगल मॅप्सवर विसंबणे ही शहरी सवय झाली. त्याचे नकाशे उतरवून ठेवता येतात, पण इंटरनेटशिवाय ते गाडीचा रस्ता सांगते, पायवाट नव्हे. ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालणारी ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स ही अॅप पायवाटा दाखवतात आणि रेंजशिवाय चालतात. समोच्च रेषांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १ : ५०,००० प्रमाणाचे नकाशे २०१७ पासून मोफत उतरवता येतात.

कोणीतरी नोंदवलेली जीपीएक्स वाट मिळाली, तर ती डोळे झाकून पाळू नये. नोंद करणाऱ्याचा संच मध्येच बंद पडला असेल, तर दोन बिंदू सरळ रेषेने जोडले जातात आणि ती रेषा कड्यावरून जाते. नोंद दोर लावून उतरणाऱ्यांची असू शकते. बेलपाड्याकडून येणारी नळीची वाट आणि पाचनईची मळलेली वाट पडद्यावर सारख्याच जाडीच्या दिसतात.

मदत मागताना

११२ या क्रमांकावर कॉल करताना स्वतःच्या कंपनीची रेंज नसली, तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर पोहोचत असल्यास कॉल त्यावरून जाऊ शकतो. पडद्यावर ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ असे येते, त्याचा अर्थ हाच. राज्यातील गिर्यारोहकांच्या बचाव पथकांमध्ये समन्वय साधणाऱ्या महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक घरून निघण्यापूर्वीच संचात आणि एका कागदावर लिहून ठेवावा. उपग्रहाद्वारे संदेश पाठवण्याची आयफोन १४ पासूनची सोय २०२२ मध्ये ज्या देशांत सुरू झाली, त्यांत भारत नव्हता. परदेशातून आणलेला थुराया किंवा इरिडियमचा उपग्रह फोन परवान्याशिवाय बाळगणे हा भारतात गुन्हा आहे. परदेशस्थ नातेवाइकांनी प्रेमाने पाठवलेली इरिडियमवर चालणारी संदेशयंत्रेही त्याच पंक्तीत येतात.

ठिकाण कळवताना ‘धबधब्याच्या वर, मोठ्या झाडाजवळ’ असे सांगून शोधपथकाला काहीही कळत नाही. अक्षांश-रेखांश दशांशात, चार स्थळांपर्यंत द्यावेत. चौथे स्थळ म्हणजे सुमारे ११ मीटर. संदेशात ते आकडे, वेळ, माणसे किती, इजा काय आणि बॅटरी किती टक्के उरली, एवढेच असावे. संदेश गेला की जागा बदलू नये आणि पुढच्या संपर्काची वेळ ठरवून संच विमान मोडवर टाकावा.